ढगाळ आठवड्यानंतरची पंधरा वर्षे

२० जानेवारी १८९६, सोमवार. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत नेहमीची साप्ताहिक बैठक भरली होती. त्या दिवशी सभेपुढे जी छायाचित्रे आली, त्यांत जिवंत माणसाच्या पंजाची हाडे दिसत होती. जर्मनीतल्या वुर्झबर्गचे प्राध्यापक राँटगेन यांनी आदल्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले होते आणि ती बातमी युरोपभर पसरून जेमतेम पंधरवडा झाला होता. गणिती प्वँकारे छायाचित्रांविषयी बोलत असताना हेन्री बेक्वेरेल यांनी विचारले, हे किरण नळीच्या नेमक्या कोणत्या भागातून निघतात? उत्तर मिळाले की निर्वात नळीत ऋण ध्रुवाकडून येणारे किरण काचेवर ज्या ठिकाणी आदळतात आणि काच चमकू लागते, तिथून.

हे उत्तर खरे होते, पण त्यातून निघालेला तर्क साफ चुकीचा होता. काच चमकते तिथूनच क्ष-किरण येतात, तर चमकणे आणि क्ष-किरण यांचा काहीतरी संबंध असणार, आणि मग नळीवाचून नुसत्या उन्हात चमकणारे पदार्थही क्ष-किरण देत असतील, असा तो तर्क. चमक हे क्ष-किरणांचे कारण नाही, हे तेव्हा कुणाला कळण्यासारखे नव्हते. किरणोत्सारितेचा शोध या चुकीच्या तर्काच्या पोटी जन्माला आला.

तो तर्क तपासायला बेक्वेरेल यांच्याइतका योग्य माणूस पॅरिसमध्ये दुसरा नव्हता. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ते स्वतः त्याच पदावर होते आणि पुढे त्यांचा मुलगाही त्याच पदावर आला. उजेड पडल्यावर चमकणारे पदार्थ हा या घराण्याचा जणू वतनी विषय. वडिलांनी युरेनियमच्या क्षारांच्या चमकण्याचा खास अभ्यास केलेला होता, त्यामुळे प्रयोगाचे सामान घरचेच होते.

बेक्वेरेल यांनी फोटोग्राफीची काच दोन जाड काळ्या कागदांत गुंडाळली, वर युरेनियम आणि पोटॅशियमच्या सल्फेटचे पापुद्र्यासारखे स्फटिक ठेवले आणि सगळे काही तास उन्हात ठेवून दिले. काच धुतल्यावर तीवर स्फटिकांची काळी छाया उमटलेली होती. मध्ये नाणे ठेवले तर नाण्याचाही आकार येत होता. २४ फेब्रुवारीला त्यांनी अकादमीला कळवले की उन्हात चमकणाऱ्या या क्षारातून काळ्या कागदाला भेदणारे किरण निघतात. प्रयोग चोख होता, अनुमान अपेक्षेप्रमाणे होते आणि तेच चूक होते.

बुधवारी आणि गुरुवारी, २६ आणि २७ तारखेला, त्यांनी पुन्हा तयारी केली. या खेपेला स्फटिक आणि काच यांच्यामध्ये तांब्याचा पातळ क्रूस ठेवला होता. पण पॅरिसचे आभाळ भरून आलेले. ऊन अधूनमधून डोकावले तेवढेच. त्यांनी सगळे सामान जसेच्या तसे टेबलाच्या खणात ठेवून दिले. पुढचे दोन दिवसही ऊन पडले नाही. रविवारी १ मार्चला त्यांनी त्या काचा तशाच धुतल्या. अंधूक छाया दिसतील अशी आपली अपेक्षा होती, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात छाया चांगल्या गडद होत्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. अकादमीच्या बैठकीत त्यांनी सांगितले की ऊन नसतानाही, अंधारातही, हे काम चालू राहते.

शाळेत सांगितली जाणारी गोष्ट बहुधा इथे संपते. ढग आले, खण उघडला, शोध लागला. मला ती फार अपुरी वाटते. याच पॅरिसमध्ये सुमारे चाळीस वर्षांपूर्वी निएप्स द सँ-व्हिक्तोर नावाच्या गृहस्थांनी युरेनियमच्या क्षारांमुळे फोटोचा कागद अंधारात काळवंडतो हे पाहिले होते, छापलेही होते, आणि जग ते विसरून गेले होते. बेक्वेरेल यांचे श्रेय खण उघडण्यात नाही, पुढच्या दोन-तीन महिन्यांत आहे. उन्हात साठवलेली काही शक्ती स्फटिक हळूहळू बाहेर टाकत असतील, तर अंधारात ठेवल्यावर ती कधीतरी आटायला हवी. म्हणून त्यांनी क्षार शिशाच्या डबीत, अंधारात, महिनोन्‌महिने ठेवले. जोर कमी झाला नाही. मग न चमकणारे युरेनियमचे क्षार तपासले. तेही किरण देत होते. मे महिन्यात शुद्ध युरेनियम धातू घेतला. तो तर कधीच चमकत नाही, आणि त्याचे किरण सर्वांत जोरदार निघाले. म्हणजे उन्हाचा संबंध नाही, चमकण्याचा नाही, जे आहे ते युरेनियमचे.

त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. हे किरण ज्या हवेतून जातात ती हवा विजेची वाहक बनते आणि विद्युतभारित वस्तूचा भार गळून जातो. पुढचा सगळा इतिहास या निरीक्षणावर उभा आहे. मात्र त्याच काळात त्यांनी या किरणांचे प्रकाशासारखे परावर्तन आणि वक्रीभवन होते असेही जाहीर केले होते, जे खरे नव्हते. त्यामुळे हा प्रकाशाचाच कुठलातरी भाऊबंद आहे अशी समजूत झाली. शिवाय त्या वर्षी नव्या किरणांचे पीक आले होते. काजव्यांपासून दिव्यापर्यंत कशातूनही गूढ किरण निघतात असे दावे होत होते. हाडांची सुरेख छायाचित्रे देणारे क्ष-किरण हाताशी असताना, तासन्‌तास थांबून काळा डाग देणाऱ्या युरेनियमकडे कोण बघणार? दीड वर्षात विषय जवळजवळ अडगळीत गेला. बेक्वेरेलही दुसरीकडे वळले.

अडगळीतला विषय प्रबंधासाठी निवडण्याचा एक फायदा असतो, वाचायला फारसे नसते. १८९७ च्या अखेरीस मेरी क्युरी यांनी तो निवडला, त्यामागे हेही एक कारण होते. वय तीस, सप्टेंबरात पहिली मुलगी आयरीन झालेली. मेरी मूळच्या वॉर्साच्या, माहेरच्या स्क्लोदोव्स्का. पोलंड तेव्हा रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला, वॉर्सा रशियाकडे. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून घरोघरी शिकवण्या करून, आधी थोरल्या बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणाला हातभार लावून, त्या १८९१ मध्ये पॅरिसला आल्या. भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत पहिल्या आणि पुढच्या वर्षी गणितात दुसऱ्या आल्या. १८९५ मध्ये पिअर क्युरी यांच्याशी लग्न झाले.

प्रयोगशाळा म्हणून पिअर यांच्या महाविद्यालयातली तळमजल्यावरची एक ओलसर खोली मिळाली. मेरींच्या वहीत ६ फेब्रुवारी १८९८ च्या नोंदीत खोलीचे तापमान ६.२५ अंश लिहिलेले आहे. ही तक्रारही आहे आणि मापनही. दमट हवेत विद्युतभार गळतो, त्यामुळे खोलीची हवा मोजमापात महत्त्वाची होती. मेरी आणि बेक्वेरेल यांच्यातला फरक या एका नोंदीत दिसतो. बेक्वेरेल यांची फोटोची काच 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगे, फार तर 'जास्त' किंवा 'कमी'. मेरींना 'किती' हे हवे होते.

त्यासाठीचे उपकरण घरातच होते. पिअर आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० मध्ये शोधून काढले होते की क्वार्ट्‌झचा स्फटिक ताणला किंवा दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो, आणि तो लावलेल्या वजनाच्या प्रमाणात असतो. मेरींनी धातूच्या दोन आडव्या तबकड्या तीन सेंटिमीटर अंतरावर बसवल्या. खालच्या तबकडीवर तपासायच्या पदार्थाची पूड पसरायची, दोन्ही तबकड्यांत शंभर व्होल्टचा दाब लावायचा. पुडीतल्या किरणांमुळे मधली हवा वाहक होते आणि अगदी बारीक प्रवाह वाहतो, अँपियरच्या अब्जावधीव्या हिश्शाच्याही खालचा. क्वार्ट्‌झच्या पट्टीला वजन लावून तेवढाच उलटा भार तयार करायचा आणि दोन्ही एकमेकांना किती वेळात फेडतात ते घड्याळावर पाहायचे. अदृश्य किरणांचे मोल आता ग्रॅम आणि सेकंदांत येऊ लागले.

मग त्यांनी हाताला लागेल ते तपासायला सुरुवात केली. धातू, क्षार, खनिजे, सहकाऱ्यांकडून मागून आणलेले नमुने. युरेनियमखेरीज थोरियमही किरण देतो असे आढळले (जर्मनीत श्मिट यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले होते). युरेनियमची संयुगे ओली असोत की सुकी, पूड असो की खडा, प्रवाह ठरत होता तो त्यांत युरेनियम किती आहे यावर. रासायनिक क्रियेचे असे कधी नसते. कार्बन हिऱ्यात वेगळा वागतो आणि कोळशात वेगळा. इथे शेजारी कोण आहे, याने काही फरकच पडत नव्हता. याचा अर्थ हा गुण अणूंच्या जुळणीचा नसून खुद्द अणूचा आहे, असे मेरींनी मांडले. या संपूर्ण विषयातले सर्वांत धाडसी वाक्य मी कोणते मानतो विचाराल, तर हेच.

१७ फेब्रुवारीला तबकडीवर पिचब्लेंड आले. युरेनियम ज्यातून काढतात ते हे काळे, जड खनिज. त्यात युरेनियम पुरते शुद्ध नाही, तेव्हा प्रवाह शुद्ध धातूपेक्षा कमी यायला हवा. तो साडेतीनपटीच्या आसपास आला. उपकरण बिघडले असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजले. चॅल्कोलाइट नावाचे दुसरे खनिजही युरेनियमच्या दुपटीहून जास्त प्रवाह देत होते. तेव्हा त्यांनी तेच संयुग प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवले. घरी बनवलेल्या चॅल्कोलाइटने युरेनियमच्या निम्म्याहूनही कमी प्रवाह दिला, म्हणजे हिशोबाने यायला हवा तसाच. जमिनीतून निघालेल्या खड्यात काहीतरी जादा होते, आणि ते माहीत असलेल्या मूलद्रव्यांपैकी नव्हते.

पिअर यांनी आपले स्फटिकांवरचे काम बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या कामात उतरले. जुलै १८९८ मध्ये दोघांनी युरेनियमच्या चारशेपट तीव्र अशा मूलद्रव्याची घोषणा केली आणि नकाशावर नसलेल्या मायदेशावरून त्याला पोलोनियम म्हटले. 'किरणोत्सारी' हे विशेषण पहिल्यांदा याच लेखाच्या शीर्षकात आले. डिसेंबरात गुस्ताव्ह बेमाँ यांच्यासह दुसरी घोषणा झाली, रेडियमची.

रसायनशास्त्रज्ञांना मात्र नुसत्या प्रवाहावर मूलद्रव्य मान्य नव्हते. त्यांना बाटलीत पदार्थ आणि त्याचा अणुभार हवा होता. बोहेमियातल्या योआखिम्सटाल इथल्या खाणीत युरेनियम काढून झाल्यावर पिचब्लेंडचा उरलेला चोथा जंगलात टाकून दिलेला होता. ऑस्ट्रियाच्या सरकारने त्यातला एक टन क्युरींना दिला. पोती उघडली तेव्हा तपकिरी मातीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. काम चालले ते महाविद्यालयाच्या आवारातल्या, छत गळणाऱ्या शेडमध्ये, जिथे पूर्वी वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करीत. एका वेळी वीस-वीस किलो माल उकळायचा, जवळजवळ आपल्याच उंचीच्या लोखंडी कांबीने ढवळायचा, गाळायचा, स्फटिक पाडायचे, प्रवाह मोजायचा, जास्त तीव्र भाग घेऊन पुन्हा तेच. खनिजात हे मूलद्रव्य शेकडा एक तरी असेल, असा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते दहा लाखांत एक भागही नव्हते. १९०२ मध्ये मेरींच्या हाती रेडियम क्लोराइड आले ते ग्रॅमचा दहावा भाग. त्यावरून त्यांनी अणुभार काढला २२५. आजचे मूल्य २२६ आहे.

पदार्थ कोणता हे क्युरींनी सांगितले. तो करतो काय, हे कोडे अटलांटिकपलीकडे सुटले.

न्यूझीलंडच्या शेतकरी मुलखातून केंब्रिजला आलेले अर्नेस्ट रदरफोर्ड १८९८ मध्ये कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाले, तेव्हा वयाची सत्ताविशी गाठली होती. जाण्यापूर्वी त्यांनी युरेनियमवर एक साधा प्रयोग केला. पुडीवर अ‍ॅल्युमिनियमचे अतिशय पातळ वर्ख एकावर एक ठेवत गेले आणि दर वेळी प्रवाह मोजला. पहिल्या काही वर्खांत तो झपाट्याने घसरला. नंतर मात्र वर्ख वाढवले तरी फारसा हलेना. म्हणजे इथे दोन जातींचे किरण असणार, एक लगेच अडणारे आणि दुसरे चिवट. ते काय आहेत याचा पत्ता नव्हता, म्हणून सोयीसाठी ग्रीक मुळाक्षरे वापरली, अल्फा आणि बीटा. १९०० मध्ये पॅरिसमध्ये पॉल व्हियार यांना तिसरा, शिसेही पार करणारा प्रकार सापडला. त्याला पुढे गॅमा हे नाव पडले. विद्यार्थी ही तीन नावे एखाद्या घराण्याची असावीत तशी पाठ करतात. वास्तविक ती 'अ, ब, क' यांच्या पलीकडे काही सांगत नाहीत. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन हे बेक्वेरेल यांनी १९०० मध्ये चुंबकाने वळवून दाखवले. गॅमा ही क्ष-किरणांच्या जातीची प्रारणे आहेत हे कळायला आणखी बरीच वर्षे लागली.

गॅमाविषयी इथेच एक गैरसमज दूर करतो. लासलगावच्या केंद्रात २००२ पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देण्याची सोय आहे, आणि २००७ मध्ये अमेरिकेला हापूस जाऊ लागला तोही तिथून गॅमा किरण घेऊन. त्या किरणांनी कांदा किंवा आंबा किरणोत्सारी होत नाही. किरण अंगावर पडणे वेगळे आणि किरणोत्सारी द्रव्य अंगात जाणे वेगळे. पुढे न्यू जर्सीची हकीकत येईल तेव्हा हा फरक लक्षात असू द्यावा.

माँट्रियलमध्ये ओवेन्स या सहकाऱ्याला थोरियमने हैराण केले होते. दार बंद असताना एक माप येई, दार उघडून वाऱ्याची झुळूक आली की दुसरे. रदरफोर्ड यांनी ओळखले की थोरियममधून किरणांबरोबर एक वायूही निघतो, तो स्वतः किरणोत्सारी आहे आणि वाऱ्याबरोबर वाहून जातो. त्यांनी तो वेगळा करून मोजला. सुमारे एका मिनिटात त्याची तीव्रता निम्मी झाली. पुढच्या मिनिटात उरलेल्याची निम्मी, म्हणजे पाव, मग एक अष्टमांश. अर्धायुष्य ही कल्पना अशी एका चंचल वायूवरून आली.

तिच्यात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. आयुर्विम्याचा हप्ता वय वाढेल तसा वाढतो, कारण म्हाताऱ्याला मरणाची शक्यता तरण्याहून जास्त असते. अणूला वय नाही. हजार वर्षे टिकलेला रेडियमचा अणू आणि आत्ता तयार झालेला अणू, दोघांची पुढच्या तासात फुटण्याची शक्यता अगदी सारखी. एखादा अणू कधी फुटेल हे कुणी सांगू शकत नाही, पण अब्जावधी अणूंपैकी किती फुटतील हे बिनचूक सांगता येते. उष्णता, थंडी, दाब किंवा आम्ल यांनी त्यात काही फरक पडत नाही. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षे, पोलोनियमचे १३८ दिवस, युरेनियमचे ४४७ कोटी वर्षे. बेक्वेरेल यांची शिशाची डबी का आटली नाही, याचे उत्तर शेवटच्या आकड्यात आहे.

१९०१ मध्ये रदरफोर्ड यांना फ्रेडरिक सॉडी हे तरुण रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाले. दोघांनी अमोनिया वापरून थोरियमच्या द्रावणातून थोरियम खाली बसवला. गंमत अशी की बरीचशी तीव्रता वरच्या पाण्यात राहिली. त्या अनोळखी द्रव्याला त्यांनी थोरियम-एक्स म्हटले आणि नाताळची सुटी लागली. परत येऊन पाहतात तर थोरियम-एक्स निस्तेज झाले होते आणि थोरियमने आपली तीव्रता परत मिळवली होती. युरेनियमबाबत असेच काहीसे क्रुक्स आणि बेक्वेरेल यांनाही दिसले होते. माँट्रियलच्या जोडीने मात्र रोज मोजून दोन आलेख काढले. एक साधारण चार दिवसांत निम्मा होत उतरणारा, दुसरा त्याच वेगाने चढणारा, आणि दोघांची बेरीज कायम तेवढीच. एकच अर्थ शक्य होता. थोरियमचे अणू एका ठरलेल्या गतीने दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू होत होते, आणि किरण हे त्या बदलाचे चिन्ह होते.

एका मूलद्रव्याचे दुसरे होणे म्हणजे परिसाने लोखंडाचे सोने करण्याची जुनी बात. सॉडींनी पुढे सांगितलेली आठवण अशी की आपण उत्साहाने 'मूलद्रव्यांतर' हा शब्द उच्चारताच रदरफोर्ड यांनी तो वापरू नकोस म्हणून बजावले, लोक आपल्याला किमयागार ठरवून मोकळे होतील. १९०२ च्या त्यांच्या लेखांत 'रूपांतर' असा सावध शब्द आहे.

१९०३ मध्ये सगळे धागे जुळत आले. पिअर क्युरी आणि लाबोर्द यांनी मोजले की एक ग्रॅम रेडियम तासाला सुमारे शंभर कॅलरी उष्णता देतो, म्हणजे स्वतःच्या वजनाचा बर्फ वितळायला साधारण तासभर पुरतो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. रदरफोर्ड आणि सॉडी यांनी हिशोब मांडला की अणूच्या या बदलातली ऊर्जा कोणत्याही रासायनिक बदलाच्या निदान वीस हजारपट, कदाचित दहा लाखपट आहे. लंडनमध्ये रॅम्झी आणि सॉडी यांना रेडियमपासून हेलियम तयार होताना दिसला. जूनमध्ये मेरींना डॉक्टरेट मिळाली. त्या संध्याकाळच्या मेजवानीला योगायोगाने रदरफोर्डही होते. बागेत अंधार पडल्यावर पिअर यांनी रेडियमची चमकणारी नळी काढली. तिच्या उजेडात रदरफोर्ड यांना पिअर यांची सोललेली, लाल बोटे दिसली.

त्या वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल निम्मे बेक्वेरेल यांना आणि निम्मे क्युरी दांपत्याला मिळाले. शिफारशीत आधी मेरींचे नावच नव्हते. स्वीडिश गणिती मिताग-लेफ्लर यांनी पिअर यांना ते कळवले आणि पिअर यांनी आग्रह धरला म्हणून नाव आले. एप्रिल १९०६ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून पिअर गेले. सॉर्बोनमध्ये त्यांच्या जागी मेरी शिकवू लागल्या. १९११ मध्ये त्यांना दुसरे नोबेल मिळाले, रसायनशास्त्राचे.

पृथ्वीच्या वयाचाही निकाल याच मोजमापाने लावला. भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांच्या हिशोबाने ते दोन ते चार कोटी वर्षे होते आणि भूगर्भशास्त्रज्ञांना ते फार तोकडे वाटे. युरेनियम शेवटी शिसे होतो आणि ठरल्या गतीने होतो, तर खडकातले शिसे हेच घड्याळ. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्टवूड यांनी खनिजांची वये काढली, ती ४१ कोटी ते २२० कोटी वर्षांपर्यंत गेली. त्यांचे आकडे नंतर दुरुस्त झाले, पण शून्ये योग्य होती. आज पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

अल्फा म्हणजे काय, हे सिद्ध व्हायला १९०८ उजाडले. रदरफोर्ड तेव्हा मँचेस्टरला होते. त्यांनी आणि रॉयड्स यांनी रेडियमपासून निघणारा वायू इतक्या पातळ काचेच्या नळीत भरला की अल्फा कण काच पार करतील, पण वायू करणार नाही. बाहेरच्या निर्वात पोकळीत काही दिवसांनी जे साचले, त्याचा वर्णपट हेलियमचा होता. पुढे हेच अल्फा कण गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर सोडले, तेव्हा आठ हजारांत साधारण एक कण चक्क मागे फिरला. त्यावरून १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी मांडले की अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या एका सूक्ष्म केंद्रकात आहे.

पाठ्यपुस्तकात केंद्रक पहिल्या पानावर असते आणि अल्फा, बीटा, अर्धायुष्य त्याच्या मागून येतात. शिकवायला ते सोपे आहे. पण घडले बरोबर उलट. अस्थिर केंद्रकामुळे किरण निघतात हे आज आपण एका ओळीत सांगतो, तर या मंडळींनी पंधरा वर्षे किरणच मोजले आणि त्यांचा मागोवा घेत केंद्रकापाशी पोचले. सूत्रे कोरडी वाटत असतील तर हा क्रम उलटून वाचून पाहावा.

या पंधरा वर्षांत धोकाही दिसला होता, पण मोजला गेला नव्हता. बेक्वेरेल यांनी १९०१ मध्ये रेडियमची नळी कोटाच्या आतल्या बंडीच्या खिशात ठेवली आणि कातडीवर जखम झाली. पिअर यांनी मुद्दाम दंडावर रेडियम बांधून जखम करून घेतली आणि ती कशी भरते याच्या नोंदी ठेवल्या. रेडियम पेशी मारतो, तर कर्करोगाच्या गाठीही मारील, ही उपचाराची वाट त्यातून निघाली आणि ती खरी ठरली. पण तिच्यामागून रेडियमचे पाणी, रेडियमची मलमे, रेडियमचा शक्तिवर्धक असा बाजारही आला.

सर्वांत कडू किंमत मोजली ती न्यू जर्सीच्या ऑरेंज गावातल्या मुलींनी. १९१७ पासून तिथल्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवले जात. रंगात रेडियम होते. बारीक रेघ यावी म्हणून मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करीत, तसे त्यांना शिकवलेलेच होते. अल्फा कण कागदाने अडतात, कातडीच्या वरच्या थराने अडतात. पण रेडियम रासायनिक स्वभावाने कॅल्शियमचा सख्खा, त्यामुळे पोटात गेलेले रेडियम हाडांत जाऊन बसते. तिथे अडवायला ना कागद ना कातडी. जबड्याची हाडे सडू लागली, रक्त आटले, मुली मरू लागल्या. १९२५ मध्ये तिथले सरकारी वैद्यकीय परीक्षक मार्टलँड यांनी कारण सिद्ध केले. कंपनी नाकारत राहिली. १९२७ मध्ये ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी खटला भरला. १९२८ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला रोख दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. मेरी क्युरी १९३४ मध्ये रक्ताच्या विकाराने गेल्या. त्यांच्या मज्जेने नवे रक्त तयार करणे थांबवले होते.

माणसाच्या शरीरात किती रेडियम असले तर चालेल, याची मर्यादा अमेरिकेत १९४१ मध्ये प्रथम ठरली. ती होती ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक कोटीवा भाग. हा आकडा कोणत्याही सूत्रातून आला नव्हता. तबकड्या रंगवणाऱ्या त्या स्त्रियांची शरीरे तपासून, कुणात किती रेडियम आहे आणि कोण आजारी पडले हे पाहून तो काढला होता.